भिंतीपलीकडचा श्वास

मंगळवारी सकाळी वैजयंती देशमाने कामाला बसली, तेव्हा पडद्यावर रोजच्या कागदांऐवजी अभिलेखागाराचा निरोप होता. ‘नव्याने सुरू केलेल्या तपासणीत आपल्या घरच्या वायफायवर एक अनोळखी उपकरण जोडलेले आढळले आहे. ते दूर होईपर्यंत आपल्याकडील कागद बंद ठेवत आहोत. मुदत तीन दिवस; त्यानंतर काम दुसऱ्याकडे सोपवले जाईल.’

वैजयंती मोडी वाचायची. एव्हाना यंत्रंही मोडी वाचायला शिकली होती. पण जिथं शाई पसरलेली किंवा कारकुनाचा हात घाईत असायचा, तिथं यंत्रं ठेचकाळायची. तेवढे कागद तिच्याकडे यायचे. बरेचसे कोर्टातल्या जमिनीच्या दाव्यांचे. निकालाआधी ते तिसऱ्याच्या नजरेला पडले, तर काय काय होऊ शकेल हे तिला ठाऊक होतं. नवरा, विनायक, जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि या दोनशे वर्षांपूर्वीच्या अक्षरांनीच तिला दिवसाला बांधून ठेवलं होतं.

तिनं लगेच वायफायचा पासवर्ड बदलला. जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून ते अनोळखी उपकरण गेलं. नाव नव्हतंच त्याला, नुसते आकडे आणि अक्षरं. तिनं सुटकेचा श्वास टाकला, पोळ्या केल्या, आणि येऊन बघते तर ते परत यादीत!

दुपारपर्यंत तिनं चार वेळा पासवर्ड बदलला. एकदा विनायकच्या आजोळच्या गावाचं नाव उलटं लिहून घातलं, एकदा मोडीतल्या एका हुकमाचा अर्धा मायना. पाहुण्यांसाठीचं वेगळं जाळं बंद केलं. दर वेळी ते पाच मिनिटं गायब व्हायचं आणि पुन्हा यायचं, जणू किल्ली त्याच्याच खिशात होती. संध्याकाळी तिचं डोकं ठणकायला लागलं. घरात कुणीतरी आहे आणि आपल्याला दिसत नाही, ही भावना अंगावर चढत चालली.

कराडजवळच्या त्या वसाहतीतली घरं जुळी होती. दोन घरांत मिळून एक भिंत. वैजयंतीच्या भिंतीपलीकडे इंदूअक्का थोरात राहायच्या. एसटीत सत्तावीस वर्षं कंडक्टर होत्या, निवृत्त होऊन तीन वर्षं झालेली. नवरा लवकर गेला, मुलगी केतकी नोकरीला हैदराबादला. अक्कांचा आवाज असा की गेटवरून बोलल्या तरी मागच्या परसात ऐकू यावं. विनायकच्या शेवटच्या आजारपणात दोन्ही वेळचा डबा त्यांच्याच घरून यायचा.

बुधवारी सकाळी अक्का कुंपणापाशी कढीपत्ता तोडत होत्या. परवाच त्यांच्याकडे नवा टीव्ही आला होता. वैजयंतीला रात्रभर झोप नव्हती. नीट शब्द जुळवायच्या आतच ती बोलून गेली.

“अक्का, तुमचा नवा टीव्ही... तो माझ्या वायफायवर तर चालत नाही ना?”

अक्कांचा हात फांदीवरच थांबला. “म्हंजे?”

“कुणीतरी माझ्या जाळ्यात शिरलंय. भिंतीला भिंत तुमचीच. केतकीनं जोडून दिला असेल, चुकून...”

“सत्तावीस वर्षं विनातिकीट माणसं धरली मी, वैजू,” अक्का सावकाश म्हणाल्या. आवाज मुळीच चढलेला नव्हता. “आता तू मलाच विनातिकीट धरतीस व्हय? सरळ चोरटी म्हन की.”

“तसं नाही हो अक्का...”

“तसंच हाय.” त्यांनी तोडलेला कढीपत्ता तिथंच कट्ट्यावर ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

वैजयंतीच्या दिवाणखान्यात भिंतीवर ताटलीएवढा एक पांढरा डबा होता. ‘राखण’ त्याचं नाव. चार महिन्यांपूर्वी वसाहतीत दोन घरफोड्या झाल्या, तेव्हा सगळ्यांनीच बसवून घेतला होता. तो वायफायही पुरवायचा आणि घरही राखायचा, तोही कॅमेऱ्याशिवाय.

वायफायच्या लहरी घरभर भरून असतात, खोलीत दिव्याचा उजेड भरावा तशा. माणसाचं अंग बहुतांशी पाण्याचं. त्यावर आदळून त्या वळतात, मुरतात, क्षणाचा लहानसा अंश उशिरा पोचतात. माणूस हलला की लहरींची सगळी घडी बदलते. पूर्वी इंजिनीअर याला व्यत्यय म्हणायचे आणि गाळून टाकायचे. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की हा व्यत्यय म्हणजेच बातमी आहे. राखणच्या आठ अँटेना ही बातमी सेकंदाला हजार वेळा टिपत आणि तिच्यावरून पडद्यावर माणसाची सावली उभी करत. चेहरा नाही, कपडे नाहीत. पण कोण कुठं उभं आहे, बसलंय की आडवं झालंय, सगळं. प्रत्येकाच्या चालीची लकब वेगळी असते, त्यामुळे घरचा कोण आणि परका कोण हेही कळे. माणूस स्वस्थ पडला असेल, तर श्वासागणिक अर्धा सेंटिमीटर हलणाऱ्या छातीवरून श्वासाची रेघसुद्धा उमटायची.

फक्त लहरींना मालकी कळत नाही. आपली भिंत संपली म्हणून त्या थांबत नाहीत. म्हणून कायदा असा होता की भिंतीपलीकडून आलेल्या सावल्या यंत्रानं स्वतःच पुसून टाकायच्या, मालकालाही दाखवायच्या नाहीत. याला अपवाद एकच. जाळ्यात कुणी परकं उपकरण शिरलं, तर ते नेमकं कुठं आहे हे हुडकण्यासाठी ‘शोध’ नावाची सोय तीस मिनिटांपुरती उघडायची. तेवढा वेळ काहीच पुसलं जात नसे.

बुधवारी दुपारी, मुदतीचा दीड दिवस उरलेला असताना, वैजयंतीनं शोध उघडला.

पडद्यावर घराचा नकाशा आला आणि एक लाल ठिपका लुकलुकायला लागला. तो अक्कांच्या घरात नव्हता. वैजयंतीच्याच झोपायच्या खोलीत होता, कपाटाच्या मागं, सामाईक भिंतीला चिकटून.

पाठ मोडेल असा जोर लावून तिनं कपाट सरकवलं. मागं धुळीनं माखलेली एक डबी प्लगात खोचलेली होती. सिग्नल पुढं ढकलणारं जुनं यंत्र. त्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर विनायकचं अक्षर: ‘केतकी. बारावीपर्यंत काढू नये.’

ती तिथंच फरशीवर बसली. सात वर्षांपूर्वीची गोष्ट. केतकीचं बारावीचं वर्ष, शिकवणी सगळी ऑनलाइन, आणि अक्कांच्या घरात सिग्नल धड येत नव्हता. विनायक म्हणाला होता, बघतो मी काहीतरी. त्यानं काय केलं हे त्यानं सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. त्यानं ही डबी घरचीच म्हणून जाळ्यात नोंदवून ठेवली होती. राखण बसवायला आलेल्या माणसानं जुन्या नोंदी जशाच्या तशा नव्या यंत्रात उतरवल्या. त्यात डबी आली, तिचं नाव तेवढं गळालं. म्हणूनच नवा पासवर्ड केला की घरच्या माणसाला द्यावा तसा राखण तो डबीला आपणहून देत होता.

तिनं डबी काढली. यादी स्वच्छ झाली, कागद परत उघडणार होते. आता उठून तडक शेजारी जायचं आणि पाय धरायचे, एवढंच उरलं होतं.

पण उठताना तिची नजर पडद्याकडे गेली. नकाशात भिंतीपलीकडे एक सावली चालत होती. जरा डावीकडे झुकून, पाय फाकवून, हलत्या गाडीत तोल सांभाळावा तशी. अक्का! घरात एकट्याच इकडून तिकडे फिरत होत्या. स्वयंपाकघरातून दारापर्यंत, दारातून परत. मधेच थांबायच्या, हात वर जायचे, खाली यायचे. भांडत होत्या बहुतेक, तिच्याशीच, मनातल्या मनात.

तीस मिनिटं संपून पडदा कोरा होईपर्यंत वैजयंती बघत राहिली.

गुरुवारी तिनं वाटीभर शेवयांची खीर घेऊन शेजारची बेल वाजवली. आत पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. “अक्का, चूक झाली माझी. ती डबी आमच्याच घरात होती. विनायकनं लावलेली, केतकीसाठी.” दार उघडलं नाही. पावलं आत निघून गेली.

शुक्रवारीही तसंच.

शनिवारी तिनं जाऊन बघितलं नाही. शोध उघडला. राखणनं कारण विचारलं, तेव्हा ‘उपकरण पुन्हा आढळले’ असं लिहिलं. यंत्राला ते पुरलं. अक्का घरात आहेत की नाहीत, राग उतरलाय का, एवढंच बघायचं आहे असं तिनं स्वतःला सांगितलं. चालण्यातून राग कळतो, हे तिला आता कळायला लागलं होतं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा. मोडीचा कागद पुढ्यात उघडा असायचा आणि तिचं चित्त ओळीवर ठरत नसे. अक्का किती वाजता उठतात, देवापुढं किती वेळ बसतात, हे तिला पाठ झालं. केतकीचा फोन आला की कशा ताठ होतात आणि ठेवल्यावर कशा खुर्चीत सांडल्यासारख्या बसून राहतात, तेही. आपण हे काय करतोय, हा प्रश्न मनात यायचा. ती त्याला घाईघाईनं बाजूला करायची. जी आपल्याला दार उघडत नाही तिच्या घरात आपण दिवसातून दोनदा जाऊन येतो. चोर म्हणायचं तर कुणाला म्हणायचं?

आठव्या दिवशी दुपारी तिला ती रेघ दिसली.

अक्का जेवून आडव्या झाल्या होत्या. सावलीच्या शेजारी श्वासाची रेघ संथ लाटांसारखी चालली होती. लाटा लहान झाल्या, आणखी लहान, आणि मग नुसती थरथर उरली, घट्ट बसलेलं बूच कुणी ओढत असावं पण निघत नसावं, तशी. वैजयंतीनं नकळत आकडे मोजायला सुरुवात केली. एकतीसला रेघेनं एकदम उसळी घेतली, सावली दचकून हलली, आणि लाटा पुन्हा सुरू. दीड मिनिटानं परत तेच. छत्तीस.

तिनं वाचून काढलं तेवढं पुरेसं होतं. झोपेत घसा मिटतो, छाती हवा ओढत राहते पण हवा आत जात नाही, रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो. माणसाला स्वतःला यातलं काही आठवत नाही. वर्षानुवर्षं चाललं तर हृदयावर येतं. गाडी चालवताना डुलकी लागते. अक्का तर अजून रोज स्कूटीवरून कराडला जायच्या.

हे सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे कसं कळलं तेही सांगायचं.

दोन दिवस ती घरातल्या घरात येरझाऱ्या घालत राहिली. कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरली. एका फेरफारपत्रात ‘तीन’चे ‘तेरा’ वाचले, आणि तसा कागद पाठवलाही. तो परत आला. शेवटी तिला वाट सुचली, आणि ती वाट खोटी होती. तिनं केतकीला फोन केला.

“केतकी, अगं, अक्कांच्या घोरण्याचा आवाज भिंतीतून येतो. मधेच श्वास अडकल्यासारखा वाटतो. एकदा डॉक्टरांना दाखवून घे ना.”

केतकी हसली. “मावशी, आईला सांगून बघते. पण तुमचं दोघींचं काहीतरी बिनसलंय ना? ती तुमचं नावसुद्धा काढू देत नाही.”

संध्याकाळी केतकीचा उलट निरोप आला. ‘आई म्हणाली, आधी मला चोर केलं, आता घोरणारी केलं. भिंतीला कान लावून बसायला तिला सांगितलंय कुणी!’

तो टोमणा खरा होता हे अक्कांना ठाऊक नव्हतं. वैजयंतीला झोंबला तो त्यामुळेच.

डबी सापडल्यापासूनचा तो एकोणिसावा दिवस. रविवार होता, दुपारचे अडीच. वैजयंतीनं शोध उघडला तेव्हा अक्का खुर्चीतच झोपल्या होत्या, मान छातीवर पडलेली. रेघ थरथरत होती. ती मोजायला लागली. चाळीस. पन्नास. एव्हाना उसळी यायला हवी होती, आली नाही. साठ. थरथर बारीक होत चालली. सावलीचा डावा हात खुर्चीच्या हातावरून घसरून खाली लोंबला.

अनवाणीच धावली ती. गेटची कडी हाताला लागेना म्हणून कुंपणाच्या कट्ट्यावरूनच पलीकडे गेली. दोन्ही मुठींनी तिनं दार बडवलं. “अक्का! अक्का उठा! अक्का!” खिडकीची काच वाजवली, पुन्हा दार. आत काहीतरी धाडकन पडलं. खोकल्याची मोठी उबळ ऐकू आली. मग पावलं.

दार उघडलं. अक्कांचे ओठ काळसर दिसत होते आणि डोळे लाल. एका हातानं त्यांनी चौकट धरली होती.

“आग लागलीय का कुठं?”

“तुमचा श्वास थांबला होता.” वैजयंतीला धाप लागली होती. “सत्तर-ऐंशी सेकंद. अक्का, मी बघत होते.”

“बघत हुतीस? कुठनं?”

आता वाट उरली नव्हती. दारातच उभं राहून तिनं सगळं सांगितलं. डबी, शोध, सावल्या, रेघ. घोरण्याचा बनाव केला तेही सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर अक्कांनी विचारलं, “किती दिस?”

“एकोणीस.”

“घरात कुठं कुठं दिसते मी?”

वैजयंतीनं मान खाली घातली. “सगळीकडं.”

“न्हानीत?”

“चेहरा दिसत नाही, अक्का. कपडे, अंग, तसलं काही नाही. नुसती सावली दिसते.”

“माजी सावली माजीच हाय न्हवं?” अक्कांचा आवाज चिरकला. “मालक गेल्यावर मी ह्या घरात एकटी रडल्याली कुनी बघितली न्हाई. पोरीनंबी न्हाई. ती तू बघितलीस.” त्यांनी दार लावलं नाही, मागं वळल्या आणि खुर्चीचा आधार घेत सावकाश खाली बसल्या. “केतकीला फोन लाव. तिला खरं सांग. समदं. मग जा.”

वैजयंतीनं उंबऱ्याबाहेर उभं राहून फोन लावला. केतकी या वेळी हसली नाही.

चौथ्या दिवशी केतकी आली आणि अक्कांना कोल्हापूरला घेऊन गेली. तिथं दवाखान्यात झोप तपासण्यासाठी त्यांना अंगाला तारा लावून दोन दिवस ठेवलं. तासाला एकेचाळीस वेळा श्वास अडत होता. डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला कळलं कसं? केतकीनं सांगितलं, शेजारणीमुळे. त्यापुढं ती काही बोलली नाही. नाकाला लावायचा मुखवटा आणि हवा ढकलणारं छोटं यंत्र घेऊन अक्का घरी परतल्या. स्कूटीची किल्ली केतकीनं महिनाभरासाठी आपल्याजवळ ठेवली.

वैजयंतीला हे सगळं गेटपाशी, दोन मिनिटांत, केतकीकडून कळलं. शेवटी केतकी म्हणाली, “तुमच्यामुळे आई वाचली, मावशी. मला ते कळतं. पण पोलिसांत तक्रार द्यायची का, हे मी आईवर सोडलंय. तो हक्क तिचा आहे.”

“बरोबर आहे,” वैजयंती म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं शोध उघडला नव्हता. हात पडद्यापर्यंत जायचा. दुपारी अडीचला मनात यायचं, मुखवटा लावला असेल का, लावून झोपल्या असतील का! ती उठून परसात जायची, कपडे वाळले नसले तरी काढून आणायची. राखण बनवणाऱ्या कंपनीला तिनं लांबलचक पत्र लिहिलं, शोधाला कुणीही खोटं कारण देऊ शकतं, मी दिलं. कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं.

पंधरा दिवसांनी सकाळी शेजारी रंगारी आले. शिड्या, बादल्या, आणि राखाडी रंगाचे चार मोठे डबे. हल्ली मिळतो तो लहरी अडवणारा रंग. त्यात धातूची आणि कोळशाची बारीक पूड असते. अक्कांनी आपल्या बाजूनं सामाईक भिंत रंगवायला काढली होती.

अकराच्या सुमाराला वैजयंतीचा फोन वाजला. सव्वा महिन्यात पहिल्यांदाच त्यावर ‘इंदूअक्का’ ही अक्षरं आली.

“ते तुजं यंत्र उघड,” अक्का म्हणाल्या.

“नको, अक्का. मी आता...”

“उघड म्हनते न्हवं. हे रंगारी म्हनत्यात काम पक्कं झालं. ह्यांच्या म्हनन्यावर इस्वास कसा ठेवू? बघनारी तूच. तूच सांग मी दिसते का.”

वैजयंतीनं शोध उघडला. कारणाच्या चौकटीत लिहिलं: ‘शेजारणीनं सांगितलं म्हणून.’ पडदा उजळला. नकाशात भिंतीपलीकडचा दिवाणखाना काळाकुट्ट झाला होता. स्वयंपाकघरही.

“आता कुठं हाय मी?”

“नाही दिसत.”

“चालते आता. दिसतंय काई?”

“नाही.”

फोनवर पावलं ऐकू येत होती, पडद्यावर काहीच नव्हतं. आणि मग, झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात, अगदी खालच्या बाजूला, धुरकट असं काहीतरी हललं. एक पाऊल, झुकलेला खांदा. पलंगाचीच जागा होती ती. म्हणजे उशीवर डोकं टेकलं, की श्वासाची रेघ इथून पुसट का होईना दिसणार. मुखवटा लावलाय की नाही तेही कळणार. कुणालाही समजलं नसतं. गप्प बसलं की झालं.

“वैजू? गेलीस का कुठं?”

“दिसता, अक्का,” ती म्हणाली. “पलंगाच्या डोक्याशी, खाली कोपऱ्यात. तिथं रंग पोचला नाही. पलंग सरकवून पुन्हा हात मारायला सांगा.”

मग अक्कांनी रंगाऱ्याला हाक मारली, पलंग फरशीवर खरडला, ब्रश फिरल्याचा ओला आवाज आला. पडद्यावरचा धूर पातळ होत गेला. थोडा वेळ एक बारीक किनार उरली. मग तीही गेली.

“आता?”

“आता नाही.”

“नीट बघ.”

“नीट बघितलं, अक्का. काहीच नाही.”

“बरं.” फोन ठेवायच्या आधी अक्का घुटमळल्या. मागं रंगाऱ्याची बादली खणकली. “आता माजा जीव कसा हाय ते इचारायचं असंल, तर दारावरनं येत जा. चहाच्या टायमाला.”